पाहून आलेल्यांची साक्ष

परमुलखात धर्मप्रचारासाठी गेलेला मिशनरी मायदेशी परतला, म्हणजे गावोगावच्या प्रार्थनामंदिरांत त्याची व्याख्याने व्हावयाची, ही एकोणिसाव्या शतकातील विलायतेची रीतच होती. घनदाट जंगले, तापाचे दुखणे, नव्याने ख्रिस्ती झालेली माणसे यांच्या हकिगती तो सांगे; श्रोते हळहळत, वर्गणीच्या पेटीत नाणे टाकीत आणि घरी जात. त्या कथेचा नायक बहुधा सांगणारा स्वतःच असे. ज्यांच्या मुलखातून तो आला, ते लोक केवळ देखावा ठरत. हीच रीत पुढे एका राजाला जड कशी गेली, ते श्रोतेहो, आज आम्हांस सांगावयाचे आहे.

१८८५ साली बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड काँगोचा धनी झाला. मुलूख बेल्जियम देशाचा नव्हे, त्याच्या एकट्याचा. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचा हक्क नोंदविला, पुढे रबराची मागणी भडकली, आणि काँगोच्या रानातील वेलींचा चीक आणून देण्याची सक्ती गावागावांवर झाली. ठरलेले रबर आले नाही, तर बायका ओलीस; तेवढ्याने भागले नाही, तर बंदुका. खर्ची पडलेल्या काडतुसाचा हिशेब म्हणून शिपायाने मेलेल्याचा उजवा हात तोडून दाखवावयाचा. काडतुसाचा हिशेब होता, माणसाचा नव्हता!

मिशनरी हे जवळून पाहत होते. पण नव्या ठाण्यांना जागा सरकारच देणार. तेव्हा पुष्कळांनी तोंड मिटून घेतले. काहींनी मात्र लिहिले. विल्यम शेपर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन मिशनऱ्याने १८९९ साली एका छावणीत धुरावर वाळत घातलेले हात पाहिले. तो नुसता हळहळला नाही, त्याने ते मोजले. ८१ भरले.

१४ मे १९०४ रोजी बारिंगाच्या ठाण्यावर न्साला नावाचा गावकरी एक पुरचुंडी घेऊन आला. तीत त्याच्या पाच वर्षांच्या मुलीचा, बोआलीचा, एक हात व एक पाऊल होते. तेथील मिशनरी बाई ॲलिस हॅरिस यांनी त्याला ओसरीवर बसविले, ते अवयव त्याच्यापुढे ठेवले आणि छायाचित्र घेतले. पुढे हॅरिस दांपत्य इंग्लंड-अमेरिकेत शेकडो सभांतून अशी चित्रे जादूच्या कंदिलाने पडद्यावर दाखवीत फिरले. कल्याणच्या पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ म्हणून ज्याचे खेळ केले, तोच हा कंदील.

चित्राने काळीज हलते. पण प्रतिपक्ष म्हणतो, हा एखादा अपवाद असेल. तेथे दुसरी साक्ष कामी आली. एडमंड मोरेल हा जहाज कंपनीतील कारकून. काँगोतून येणारी जहाजे रबराने व हस्तिदंताने भरलेली, आणि परत जाणाऱ्या जहाजांत मुख्यतः बंदुका व दारूगोळा, हे त्याला आढळले. मालाचा मोबदला जातच नसेल, तर काम वेठीचे आहे, हे त्याने ताडले. मार्च १९०४ मध्ये काँगो सुधारणा संघ निघाला तो त्याच्याच पुढाकाराने.

आणि तिसरी साक्ष खुद्द काँगोवासीयांची. लिओपोल्डला चौकशीमंडळ नेमणे भाग पडले. त्याच्यापुढे लोंतुलू नावाचा प्रमुख ११० काटक्या घेऊन आला. एकेक काटकी म्हणजे त्याचा एकेक मेलेला माणूस. त्याला लिहिता येत होते की नाही, हा प्रश्नच गौण. त्याला हिशेब येत होता.

आम्ही जे शिकलो ते शाळेत थोडे आणि गिरणीच्या दारात फार. ‘जुलूम होतो’ एवढेच म्हणणारा अर्ज केराच्या टोपलीत जातो. कोणत्या खात्यात, कोणत्या पाळीला, किती जणांचा किती पगार कापला, हे सांगणाऱ्या अर्जाला मालकाला उत्तर द्यावे लागते. काँगोच्या साक्षीचे बळ ते हेच.

१९०८ साली राजाला काँगो सोडावा लागला. तो बेल्जियम सरकारकडे गेला. शेपर्डवर एका रबर कंपनीने बदनामीचा दावा लावला, तेव्हा १९०९ साली त्याचे वकीलपत्र घेतले ते बेल्जियन मजूर पक्षाचे पुढारी एमिल व्हान्डरव्हेल्ड यांनी, तेही फी न घेता. शेपर्ड निर्दोष सुटला.

परंतु पाळणाऱ्याचे नाव बदलले म्हणून वेठ संपली नाही. निराळ्या रूपांत ती पुढे चालूच राहिली. व्यासपीठावर न्सालाला कोणी बोलाविले नाही. आणि परक्या राजाच्या पापावर रडणे विलायतेच्या श्रोत्यांना सोपे होते. आपल्याच साम्राज्यात आसामच्या चहामळ्यांवर करारात जखडलेल्या मजुरांची चौकशी त्यांतील कितीजणांनी केली?

म्हणून पाहून आलेला माणूस बोलावयास उभा राहील, तेव्हा त्याला तीन गोष्टी विचाराव्या. तू कोणाची हकिगत सांगतोस, तुझी की त्यांची? त्यांची नावे व हिशेब तुझ्यापाशी आहे काय? आणि त्यांनी स्वतः काय मागितले? या तिन्हींची उत्तरे मिळाली, म्हणजे पुढचे काम वक्त्याचे राहत नाही, ते श्रोत्यांचे होते.