जलपेटीचा इतिहास आणि तिचा इवलासा चाकर

घरांत कांचेची पेटी आणून तींत मासे सोडण्याची हौस आतां आपल्या शहरांतून चांगलीच रुळली आहे. पण श्रोतेहो, माशांचें कौतुक ओसरतें न ओसरतें तोंच त्या घरांतून एक तक्रार ऐकूं येते : कांच हिरवी झाली! ही तक्रार जलपेटीइतकीच जुनी आहे. किंबहुना ती प्रथम दूर झाली तेव्हांच आजची जलपेटी जन्मास आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेतील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं १८४९ सालच्या मे महिन्यांत १२ गॅलन मावतील अशा एका पात्रांत वाळू, माती व दगड घातले, फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. माशांचा कर्बवायु वनस्पतीनें घ्यावा, तिच्या प्राणवायूवर माशांनीं जगावें, म्हणजे पाणी वरचेवर बदलावयास नको, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर होता, पण अपुरा होता. जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळलें, कांचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. तेव्हां त्यांनीं तळ्यांतल्या पांचसहा गोगलगाई आणून आंत सोडल्या. त्यांनीं कुजकें व हिरवें सारें फस्त केलें. इतकेंच नव्हे, तर त्यांचीं अंडीं माशांच्या खाण्यास उपयोगीं पडलीं. हा वृत्तांत १८५० सालीं प्रसिद्ध झाला. मासा व वनस्पति ही जोडी कोणासही सुचावी. मागून उष्टेंखरकटें काढणारा तिसरा हवा, हें ज्यास कळलें तोच खरा संसारी, असें मला वाटतें.

पुढें १८५३ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कांतील प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांचा 'दि अ‍ॅक्वेरियम' हा ग्रंथ निघाला, आणि इंग्लंडांतील दिवाणखान्यांत जलपेट्यांची साथच आली. आपल्याकडे मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय झालें तें १९५१ सालीं.

गोगलगाईचें काम करणारा एक मासाही आहे, आणि तो दक्षिण अमेरिकेंतील नद्यांचा रहिवासी आहे. एडवर्ड ड्रिंकर कोप या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८७१ सालीं त्याच्या कुळीस ओटोसिंक्लस हें नांव दिलें. शिक्षकी पेशाच्या संवयीमुळें व्युत्पत्ति सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं : 'ओटो' म्हणजे कान व 'सिंक्लस' म्हणजे जाळी, याच्या कानाजवळच्या हाडास जाळीसारखीं भोकें असतात. आपल्या मागुराचा व शिंगाळ्याचा हा दूरचा भाऊबंद; पण लांबी जेमतेम दीड इंच, अंगावर हाडांच्या पत्र्यांचें चिलखत आणि तोंड खालच्या अंगास, चिकटून राहणारें. कांचेला वा पानाला चिकटून तो दिवसभर शेवाळ खरवडतो, आणि पानास मात्र धक्का लावीत नाहीं. जपानच्या ताकाशी अमानो यांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस जलपेट्यांतून हिरवीं कुरणें उभीं केलीं, तेव्हां बारीक कोळंबीच्या जोडीला यालाही कामास लावलें.

परंतु या चाकराची कहाणी सुखाची नाहीं. बाजारांत येणारे हे मासे बहुतांशीं नदींतूनच धरलेले असतात. धरल्यापासून दुकानापर्यंतच्या प्रवासांत त्यांची उपासमार होते. दुकानांतील घासूनपुसून ठेवलेल्या पेटींतही शेवाळ नसतें. तेथून कोणी हौशी गृहस्थ त्यांना आपल्या नव्याकोऱ्या, आरशासारख्या लखलखीत पेटींत आणून सोडतो. चारदोन आठवड्यांत ते मरतात, आणि 'जात फार नाजूक' असा शेरा मिळतो. नाजूक कसली, उपाशी! सफाईसाठीं आणलेला जीव सफाईनेंच मरतो, आणि शेरा मात्र त्याच्या नांवावर.

म्हणून विकत घेतांना पोट पाहावें : गोलसर असेल तर घ्यावा, खपाटीस गेलें असेल तर दुकानदार कितीही गोड बोलो, हात आखडावा. हा कळपानें राहणारा प्राणी. एकटा आणूं नये, निदान पांचसहा आणावे. पेटी कांहीं महिने मुरलेली असावी. वॉरिंग्टन यांचे सोनेरी मासे याच्या सोबतीस चालणार नाहींत. ते वाढून धिप्पाड होतात व याच्यापेक्षां थंड पाण्यांत सुखी असतात. समोरची कांच खुशाल पुसावी, मागची तशीच हिरवी राहूं द्यावी. तीही पुरेशी नसेल तेव्हां उकळत्या पाण्यांतून काढलेली काकडीची चकती किंवा पालकाचें पान निववून रात्रीं आंत सोडावें, आणि उरेल तें सकाळीं आठवणीनें बाहेर काढावें, नाहीं तर पाणी नासतें.