हौशी माणूस, धंद्याची जत्रा
लास व्हेगासचा सेमा (SEMA) शो म्हणजे गाड्यांच्या धंद्यातल्यांची जत्रा. मी निव्वळ हौशी. मित्राच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार हात काळे करतो, त्या पुण्याईवर पास मिळाला.

1967 साली हा शो पहिल्यांदा भरला तो लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये, प्रेक्षागाराखाली. तेव्हा 'सेमा' या इंग्रजी लघुनामातला 'एस' म्हणजे 'स्पीड' होता. पुढे त्याचं 'स्पेशॅल्टी' झालं. धंदा सभ्य झाला म्हणायचा! 1977 पासून मुक्काम व्हेगासला.

एका जुन्या शेवरलेटपाशी वाकलो. खाली आरसा मांडलेला. त्यात सायलेन्सरच्या पाइपावरचं वेल्डिंग दिसत होतं, शिवणयंत्रावर टाके घालावेत तसं एकसारखं. स्टॉलवाल्यानं विचारलं, "किती नग हवेत?" मी ओशाळलो. गाडी विकायची नव्हतीच. विकायचा होता तो पाइप.