जांभळी आणि तिचं माहेर

परवा सकाळी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो आणि खिडकीत बघतो तर काय, जांभळी फुलली होती! तीन फुलं उघडलेली आणि दोन कळ्या माना खाली घालून रांगेत. बायकोला हाक मारली, मुलीला उठवलं (ती वैतागली), फोटो काढून ठाण्याला मावशीला पाठवला. मावशीचं उत्तर आलं, "बघ, मी म्हटलं होतं ना."

घरातल्या मंडळींना जांभळी कोण ते ठाऊकच आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. जांभळी म्हणजे आईचं आफ्रिकन व्हायोलेट. १९९६ साली एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून आईने ते आणलं. मखमलीसारखी लव असलेली गोल गोल पानं, मधे जांभळ्या फुलांचा झुबका, सगळं मिळून एका वाटीत मावेल एवढं. "आफ्रिकन व्हायोलेट" म्हणायला तिची जीभ वळायची नाही असं नाही, शाळेत इंग्रजीच शिकवायची ती. पण घरातल्या माणसाला कुणी आडनावाने हाक मारतं का? म्हणून जांभळी.

तर ही जांभळी मी मारली.

२०१९ च्या पावसाळ्यात आई तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होती. जाताना तिने दोनच गोष्टी सांगितल्या: देवापुढे दिवा लाव आणि जांभळीला बघ. मी बघितलं हो! रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी, तेही वरून, अगदी अंघोळ घातल्यासारखं. आठ दिवसांनी मधली पानं मऊ पडली. मला वाटलं तहानली असेल, म्हणून संध्याकाळीही पाणी सुरू केलं. आई घरी आली तेव्हा कुंडीत काळपट लगदा उरला होता.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कुंडी हातात घेतली, बोटाने माती चाचपली आणि म्हणाली, "अरे, ठाण्याला माझ्या बहिणीकडे आहे की तीच. एक पान मागव."

"तीच" हा शब्द तेव्हा माझ्या डोक्यावरून गेला. मावसभाऊ ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पान डब्यातून घेऊन आला. आईने त्याचा देठ तिरका कापला, कोकोपीट भरलेल्या कपात खोचला, वर प्लास्टिकची पिशवी घातली आणि खिडकीत ठेवला. दोन-अडीच महिन्यांनी देठाच्या बुडाशी उंदराच्या कानाएवढी पानं दिसली. ती आईने पाहिली. फूल मात्र पाहायचं राहिलं.

आई गेल्यावर ती कुंडी माझ्याकडे आली आणि एकदा मारलेलं झाड पुन्हा मारायचं नाही या भीतीने मी वाचायला लागलो. पाणी किती घालायचं एवढंच शोधायचं होतं. पोचलो थेट टांझानियाच्या डोंगरात.

*

गोष्ट सुरू होते टांगा नावाच्या बंदरात. हिंदी महासागराच्या काठावर, झांजीबारच्या थोडं उत्तरेला. १८८८-८९ मध्ये किनाऱ्यावरच्या लोकांनी जर्मन कंपनीविरुद्ध उठाव केला, तो जर्मन सरकारने सैन्य पाठवून मोडला, आणि १८९१ पासून हा मुलूख कंपनीकडून थेट जर्मन साम्राज्याकडे गेला. त्या सरकारचा टांगा भागातला अधिकारी होता बॅरन वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर. स्वाहिली भाषेचं पाठ्यपुस्तक लिहिलेला माणूस, म्हणजे डोळे-कान उघडे असणारा. त्याला टांग्याजवळच्या चुनखडीच्या कपारींत आणि मागच्या उसांबारा डोंगराच्या गर्द जंगलात ही छोटी जांभळी फुलं दिसली. त्याचे वडील सायलेशियातल्या आपल्या इस्टेटीवर झाडांचा नाद जोपासून होते. मुलाने आफ्रिकेतून वडिलांना भेट धाडली. वडिलांनी ती हॅनोव्हरच्या हेरेनहाउझेन बागेचे प्रमुख हर्मन वेंडलांड यांच्याकडे पोचवली. १८९३ साली वेंडलांडनी तिचं बारसं केलं: सेंटपॉलिया आयोनांथा. पहिला शब्द बाप-लेकाच्या सन्मानार्थ, दुसऱ्याचा अर्थ व्हायोलेटसारख्या फुलांची. खऱ्या व्हायोलेटशी तिचं काही नातं नाही बरं का, रंगापुरतंच साम्य. त्याच वर्षी बेल्जियममधल्या घेंटच्या प्रदर्शनात ती मांडली गेली आणि लोक तिच्यामागे वेडे झाले. एरफुर्टच्या एर्न्स्ट बेनारी या बियाणेवाल्यांनी तिचं बी विकायला काढलं.

खरं तर बॅरनच्या आधी, १८८० च्या दशकातच झांजीबारचे ब्रिटिश कॉन्सल जॉन कर्क यांनी तिचे वाळवलेले नमुने लंडनच्या क्यू उद्यानात पाठवले होते. पण त्यांवरून धड वर्णन करता येईना, म्हणून ते तसेच राहिले. आणि त्या डोंगरातच राहणाऱ्या शंबा लोकांनी तर ती दोघांच्याही कितीतरी आधी पाहिलेली असणार. पण बारशाला घुगऱ्या खाणारे वेगळेच होते. असो.

पुढचा टप्पा अमेरिकेत. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात लॉस एंजेलिसच्या आर्माकॉस्ट अँड रॉयस्टन या नर्सरीने जर्मनीतून आणि इंग्लंडमधून बी मागवलं, हजारभर रोपं केली आणि त्यांतली निवडून निवडून दहा ठेवली. 'ब्लू बॉय' हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं. त्याच्यातच मधूनच आपोआप बदल व्हायचे, आणि अशा बदलांतून नव्या जाती निघत गेल्या. १९४६ मध्ये अमेरिकेत आफ्रिकन व्हायोलेटवाल्यांची संस्थाच स्थापन झाली. आज या फुलांच्या हजारो नोंदलेल्या जाती आहेत. गुलाबी, पांढऱ्या, दुहेरी, झालरीच्या. एम्प्रेस गार्डनमधली आमची जांभळी याच गोतावळ्यातली कुणीतरी.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. म्हटलं, काय भाग्यवान झाड आहे! कुठलं कुठे पोचलं.

*

मग त्याच १८९३ सालाची दुसरी गोष्ट वाचली.

जांभळी टांग्याहून युरोपात गेली, तिचं नाव छापून आलं, त्याच वर्षी टांग्यात दुसरं एक झाड उतरलं: घायपात. आपल्याकडे कोकणात, देशावर बांधाला लावतात ना, काटेरी टोकाच्या लांब पानांची, तिच्याच कुळातली दोरासाठी लावायची जात, सिसल. रिचर्ड हिंडॉर्फ या जर्मन शेतीतज्ज्ञाने फ्लोरिडाहून एक हजार छोटी रोपं मागवली. प्रवासात बहुतेक मेली. टांग्याला पोचेपर्यंत जगली ती फक्त ६२. आणि त्या बासष्टांतून पूर्व आफ्रिकेतला सिसलचा सगळा पसारा उभा राहिला. टांग्याभोवतीचा सखल मुलूख मैलोगणती घायपाताखाली गेला. ज्या सखल जंगलांत, चुनखडीच्या कपारींत बॅरनला जांभळी दिसली होती, तोच हा मुलूख.

वरच्या डोंगरात वेगळी कहाणी. १९०२ मध्ये जर्मनांनी पूर्व उसांबारात अमानी इथे मोठं संशोधन केंद्र आणि वनस्पती उद्यान काढलं, जगभरची उपयोगी झाडं आणून लावून पाहिली. पुढे चहाचे मळे आले, मग लाकूडतोड आली. १९८० च्या दशकात मोठी व्यापारी तोड थांबली आणि १९९७ मध्ये अमानी राखीव निसर्गक्षेत्र झालं, म्हणून जे उरलं ते उरलं.

आता जांभळी हातभर उंचीचीसुद्धा नाही. लाकूडतोड्याला तिच्याशी काय देणंघेणं? तिला कुणी तोडत नाही. पण डोक्यावरचं झाड गेलं की खडकावर ऊन येतं, शेवाळ वाळतं आणि ती आपोआप संपते. सावली गेली की ती गेली.

हे वाचलं आणि मला पाणी घालायचं कळलं. खरंच सांगतो. आईचे सगळे नियम म्हणजे त्या कपारीचं वर्णनच होतं. कपारीत माती चिमूटभर, म्हणून कुंडी लहान आणि माती हलकी: कोकोपीट, परलाइट, थोडं चाळलेलं पानांचं खत. कड्यावर पाणी थांबत नाही, झिरपून निघून जातं, म्हणून पाणी बशीत घालायचं, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून द्यायचं आणि वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा द्यायचं नाही. मधल्या गाभ्यात तर पाणी साचू द्यायचंच नाही (माझं पाप तेच). पानावर गार पाणी पडलं तर पांढुरके डाग पडतात, म्हणून पाणी खोलीच्या तापमानाचं. डोक्यावर जंगलाचं छत, म्हणून उजेड भरपूर पण ऊन नाही. आमची पूर्वेची खिडकी आणि तिला पातळ पडदा. थंडी नको, आणि पुण्याचा एप्रिल-मे तर मुळीच नको. तेव्हा ती माठाशेजारी मुक्कामाला असते. आई कधी आफ्रिकेला गेली नव्हती. पण वीस-बावीस वर्षं तिने आमच्या ओट्याजवळ उसांबाऱ्याची एक कपार राखली होती.

*

आता त्या "तीच" शब्दाकडे येतो.

पानापासून केलेलं रोप हे नवीन झाड नसतं. ते तेच झाड असतं, पुढे चालू राहिलेलं. मावशीकडे आहे ती आईचीच जांभळी, माझ्या खिडकीत आहे ती मावशीची, म्हणजे पुन्हा आईचीच. आईने वर्षानुवर्षं हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना पानं वाटली. मला तेव्हा ती हौस वाटायची. आता वाटतं, तो तिचा विमा होता. माझ्यासारखा कुणीतरी तांब्या घेऊन येणार हे तिला माहीत असावं :)

सुरुवातीला मला वाटलं, मग जंगलातल्या जांभळीचंही असंच की. उसांबाऱ्यात संपली तरी जगभरच्या खिडक्यांत आहेच, एक पान मागवू. पण ते तसं नाही. खिडक्यांतल्या बहुतेक सगळ्या जांभळ्या सुरुवातीच्या मोजक्या बियांच्या पणत्या-खापरपणत्या आहेत. जंगलात मात्र डोंगरागणिक तिचं रूप वेगळं: कुठे पानं जाड, कुठे वेलीसारखी पसरणारी, कुठे फूल फिकट. केनियाच्या तैता टेकड्यांतली एक जात जगात फक्त म्बोलोलो नावाच्या एका डोंगरावरच्या जंगलात आहे. या रानजांभळ्या टांझानिया आणि केनिया सोडून कुठेही नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच धोक्यात आहेत. काही रूपं वनस्पती उद्यानांनी आणि हौशी लोकांनी राखली आहेत, पण जी कपार कुणी पाहण्याआधीच उघडी पडली, तिच्या जांभळीचं पान कुठल्या ठाण्याहून मागवणार?

जाता जाता आणखी एक. वनस्पतिशास्त्रज्ञांनी डीएनए तपासून ठरवलं की सेंटपॉलिया हे वेगळं कुळनाव ठेवायचं कारण नाही, ती स्ट्रेप्टोकार्पस या तिच्या आफ्रिकन भावंडांतलीच. आता तिचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोकार्पस आयोनांथस. म्हणजे बॅरनचं नाव सव्वाशे वर्षांनी पुसलं गेलं. झाड ना नाव मिळाल्याने बदललं, ना गेल्याने. आमच्याकडे तर ती पहिल्यापासून जांभळीच.

मला एवढंच समजलं: माणसाच्या घरात झाड जगवणं आणि झाडाचं घर जगवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं मला एक झाड मारून, उशिरा का होईना, जमलं. दुसरं उसांबाऱ्यातल्या, तैतातल्या लोकांच्या हातात आहे, आणि ते तांब्याने होणारं नाही, सावली राखून होणारं आहे.

पुढच्या महिन्यात मी पाच पानं लावणार आहे. नाशिकची ताई, कोल्हापूरचे काका यांची नावं आधीच लागली आहेत. उरलेल्या तिघांनी कळवा. अट एकच: पाणी बशीत घालायचं. आणि तुमची जगली की त्यातलं एक पान दुसऱ्या कुणालातरी द्यायचं, म्हणजे माझी पुन्हा मेली तर मला मागायला जागा राहील.