लळा मोजायला वीस मिनिटं पुरतात का?

‘सिक्युअर’ आणि ‘इनसिक्युअर अटॅचमेंट’ हे शब्द तुमच्या कानावर आले असतीलच. इथे अमेरिकेत मूल डेकेअरला जायला लागलं की ते सगळीकडे भेटू लागतात. पुस्तकात, इन्स्टाग्रामवर, इतर आईबाबांच्या गप्पांत. मूल सोडताना रडलं तरी प्रश्न, अजिबात रडलं नाही तरी प्रश्न. आपलं काही चुकतंय का, ही शंका मग पाठ सोडत नाही. म्हणून आज हे शब्द आले कुठून ते पाहू. त्यासाठी अमेरिकेतून थोडं लांब, युगांडात जावं लागेल.

मेरी एन्सवर्थ यांचा जन्म 1913चा, ओहायोतला. त्या वाढल्या टोरांटोत आणि 1939 साली तिथेच त्यांनी मानसशास्त्रात पीएचडी केली. 1950 मध्ये लग्नानंतर त्या नवऱ्याबरोबर लंडनला गेल्या आणि वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून जॉन बोल्बी यांच्याकडे नोकरीला लागल्या. आईपासून तुटलेल्या मुलांचं काय होतं, हा बोल्बींचा विषय. आई आणि बाळाचं नातं समजायला प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास उपयोगी पडेल, असं त्यांचं मत होतं. एन्सवर्थ यांना ते पटत नव्हतं. आई दूध पाजते म्हणून बाळाला तिचा लळा लागतो, असंच तेव्हा बहुतेक मानसशास्त्रज्ञ मानत, आणि त्याही.

1954 मध्ये नवऱ्याच्या कामामुळे त्या कंपालाला पोहोचल्या. काळ अस्वस्थ होता. ब्रिटिश गव्हर्नरने बुगांडाच्या राजाला, म्हणजे कबाकाला, आदल्याच वर्षी हद्दपार केलं होतं. अशा वेळी एक गोरी बाई दुभाषी सोबत घेऊन आसपासच्या गावांतल्या घरी जाऊ लागली. 26 कुटुंबं, 28 बाळं. दर पंधरा दिवसांनी दोन तासांची भेट, काही घरांत नऊ महिन्यांपर्यंत. दुपारी पाहुण्यांना जिथे बसवतात त्याच खोलीत बसायचं, आईशी बोलायचं आणि बाळाकडे बघत राहायचं.

खरं तर त्या आल्या होत्या वेगळ्याच प्रश्नासाठी. दूध तोडताना मुलाला काही दिवस नातेवाइकांकडे पाठवायची तिथे रीत होती, त्याचा परिणाम त्यांना पाहायचा होता. पण ती रीत बरीचशी मागे पडली होती. मग प्रश्न बदलला: लळा मुळात लागतो कसा?

त्यांनी काय पाहिलं? बाळ रांगत लांब जातं, मागे वळून आई आहे ना ते बघतं, परत येतं, पुन्हा जातं. ते नुसतं दुधाची वाट बघत पडलेलं नसतं. नातं जोडण्यात त्याचाही वाटा असतो. घरात सांभाळणारी माणसं अनेक असली म्हणून आईचा लळा कमी होतो, असंही दिसलं नाही. आणि एक साधी गोष्ट: ज्या आया आपल्या बाळाबद्दल आपणहून बारीकसारीक सांगत, त्यांची बाळं जास्त निर्धास्त असत. 28 पैकी 16 बाळं त्यांना निर्धास्त वाटली, 7 धास्तावलेली, आणि 5 जणांचा लळा अजून नीट दिसत नव्हता. आजच्या वर्गवारीची सुरुवात ही.

पुढे 1963 मध्ये बाल्टिमोरला त्यांनी तसाच अभ्यास सुरू केला. पुन्हा 26 कुटुंबं, पण भेटी चार-चार तासांच्या, पहिलं वर्षभर, प्रत्येक घरात सुमारे 72 तास. इथे एक अडचण आली. आई नुसती खोलीबाहेर गेली तरी बुगांडातली बाळं रडायची. बाल्टिमोरच्या बाळांना मात्र घरात आईच्या ये-जा करण्याची सवय होती, ती फारशी ढळायची नाहीत. म्हणून त्यांना एका अनोळखी खोलीत आणायचं ठरलं. खेळणी, एक परकी बाई, आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. सगळं मिळून वीस मिनिटं. हीच ती प्रसिद्ध ‘स्ट्रेंज सिच्युएशन’.

यात रडण्याला गुण नसतात. आई परत आल्यावर मूल काय करतं, ते पाहायचं असतं. आणि त्या वागण्याचा अर्थ एन्सवर्थ यांना लावता आला तो घरी घालवलेल्या 72 तासांमुळे.

नंतर खोली तेवढी जगभर फिरली. जर्मनीतल्या बीलफेल्डला जवळपास निम्मी मुलं ‘टाळणारी’ ठरली, म्हणजे परत आलेल्या आईकडे न जाणारी. त्या भागात मुलाने लवकर स्वतंत्र व्हावं अशी अपेक्षा असते. जपानमध्ये साप्पोरोला सुमारे एक तृतीयांश मुलं समजूत न पटणारी निघाली. तिथे तान्ह्या बाळाला एकटं सोडणं क्वचितच घडतं, त्यामुळे तीच वीस मिनिटं त्यांना फार जड गेली. 1988 मध्ये आठ देशांतल्या 32 गटांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशाच्या आतला फरक मोठा निघाला. म्हणजे ‘जर्मन मुलं अशी, जपानी मुलं तशी’ असं म्हणायचीही सोय नाही.

वीस मिनिटांची चाचणी झटपट होते, घरी बसून राहणं वेळखाऊ असतं. संशोधक खोलीलाच चिकटून बसले आणि घरं पाहायचं विसरले, याची खंत एन्सवर्थ यांनी उतारवयात बोलून दाखवली. 1999 मध्ये त्या गेल्या.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी सहा महिने आजी असते, मग व्हिसा संपतो आणि ती परत जाते. मग डेकेअर. या घराचं चित्र कुठल्याच खोलीत उमटत नाही. तेव्हा डेकेअरच्या दारातल्या दोन मिनिटांवरून कुणी तुमच्या मुलाला लेबल लावलं, किंवा तुम्ही स्वतःच लावायला निघालात, तर त्या दुपारच्या बैठका आठवा. ज्या बाईंनी ही लेबलं तयार केली, त्या आधी नऊ महिने लोकांच्या घरी जाऊन बसल्या होत्या.