औंध संस्थानाचे ताट आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे

ब गटातील आठ जीवनसत्त्वे आणि क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतात. शरीर त्यांचा फारसा साठा करीत नाही. गरजेपुरती वापरली जातात आणि उरलेली लघवीवाटे निघून जातात. थायमिन म्हणजे ब-१ बंद झाले तर दोन-तीन आठवड्यांत शरीरातील पुंजी संपते, क जीवनसत्त्व दोन-तीन महिने पुरते. ब-१२ तेवढे अपवाद, ते यकृतात काही वर्षे टिकते. त्यामुळे या सत्त्वांच्या बाबतीत सणावाराचे जेवण कामाला येत नाही. रोज काय शिजते, कोणत्या महिन्यात ताटातून काय नाहीसे होते आणि शिजवलेले पाणी ओतून देतात की पितात, यावर सगळे ठरते. पर्जन्यछायेतील औंध संस्थानाच्या खाण्यापिण्याचा इतिहास या अंगाने पाहण्यासारखा आहे.

हे संस्थान 501 चौरस मैलांचे, 72 गावांचे आणि एकसंध नसलेले. औंध आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, कुंडल आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात, आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. कुंडलला कृष्णाकाठ जवळ. आटपाडी मात्र माणदेशातली, पाऊस हुलकावणी देणारी. अशा मुलखात भात हे सणाचे किंवा पाहुण्याचे अन्न. रोजची ती ज्वारीची नाही तर बाजरीची भाकरी.

भाकरीचा एक गुण असा की तिच्यात टाकून द्यायचे काही नसते. दाणा जात्यावर भरडला की कोंडा आणि अंकुर पिठातच राहतात, आणि ब गटाची बरीचशी सत्त्वे तिथेच असतात. पीठ कालवलेले पाणी भाकरीतच मुरते. जात्याची जागा पुढे पिठाच्या गिरणीने घेतली, पण दळण कोंड्यासकटच होत राहिले. भाताच्या मुलखात पॉलिश करणाऱ्या गिरणीने जे नुकसान केले, ते ज्वारीच्या मुलखात पिठाच्या गिरणीने केले नाही.

पाणी न टाकण्याची ही रीत भाकरीपुरती नव्हती. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की वरचे पाणी, म्हणजे कट, काढून त्याची आमटी करतात. डाळीतून पाण्यात उतरलेले थायमिन आणि फोलेट असे पुन्हा ताटात येते. हुलग्याचे माडगे हे तर माणदेशाचे ओळखपत्रच: पीठ पाण्यात कालवून उकळायचे आणि सगळे प्यायचे. ज्वारीच्या आंबिलीत आंबवण्यामुळे ब गटातील काही सत्त्वांत थोडी भरही पडते. हे कोणी जीवनसत्त्वे वाचवायला करीत नव्हते. पाणी आणि सरपण दोन्ही तुटपुंजे असलेल्या घरात काहीच वाया घालवायचे नसते, इतकाच त्यामागचा हिशेब.

क जीवनसत्त्वाचा हिशेब मात्र निराळा. ज्वारी, बाजरी, कोरड्या डाळी यांत ते जवळजवळ नसते. ते यायचे हिरव्या मिरचीच्या ठेच्यातून, कच्च्या कांद्यातून, आवळा, बोर, कैरी, लिंबू यांतून, आणि पावसाळ्यात पाथरी, घोळ, तांदुळजा अशा भाज्यांतून. रब्बीत ज्वारीच्या रानात करडईचा पाला आणि हरभऱ्याची कोवळी पाने मिळत. हरभऱ्याचा पाला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवायची पद्धत होती. त्याने भाजीची सोय झाली, पण वाळवताना क जीवनसत्त्व बहुतेक उडून जाते. उन्हाळ्यात उरलेला भरवसा मोड आलेल्या मटकीवर. कोरड्या कडधान्यात नसलेले क जीवनसत्त्व मोड येताना दाण्यातच तयार होते. युरोपात ही गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सर्बियन सैनिकांच्या स्कर्व्हीवर मोडांचा उपचार करून पडताळली गेली. माणदेशात मटकी त्याआधीही भिजत होतीच.

या सत्त्वांना नाव मिळाले ते 1912 साली, कासिमिर फुंक याच्या हातून. त्याआधी जावात क्रिस्तियान आइकमन याने पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांत बेरीबेरीसारखा रोग पाहिला होता. 1916 साली अमेरिकेत मॅकॉलम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘पाण्यात विरघळणारे ब’ आणि ‘चरबीत विरघळणारे अ’ अशी विभागणी रूढ केली.

नेमक्या त्याच वर्षी मराठी मुलखातले शिपाई या विज्ञानाचा एक क्रूर धडा सोसत होते. मेसोपोटेमियात तैग्रिसकाठच्या कूत-अल-अमारा येथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत वेढून ठेवले. आत अडकलेल्यांत 103, 110 आणि 117 या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. दख्खन आणि कोकण हा या पलटणींच्या भरतीचा मुलूख. त्यात सातारा जिल्ह्याचा वाटा मोठा. वेढ्यात गोऱ्या शिपायांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळे आणि त्यांच्यात बेरीबेरी पसरली. हिंदी शिपायांचा आटा कोंड्याचा, त्यामुळे त्यांना बेरीबेरीने गाठले नाही. मैदा संपून गोऱ्यांच्याही पावात आटा व जवाचे पीठ आल्यावर त्यांची बेरीबेरी ओसरली. उलट हिंदी शिपायांना स्कर्व्हीने ग्रासले. ताजी भाजी जवळपास नव्हती, आणि ज्या घोड्याच्या मांसातून थोडे क जीवनसत्त्व मिळाले असते ते बहुतेकांनी धर्मभावनेपोटी वेढ्याच्या शेवटच्या आठवड्यांपर्यंत टाळले. एकाच वेढ्यात, एकाच वेळी, दोन निराळ्या जीवनसत्त्वांच्या अभावाचे दोन निराळे रोग असे शेजारी-शेजारी क्वचितच दिसले असतील. ठेचा, कांदा आणि पालेभाजी ताटातून काढून घेतली की नुसत्या भाकरीवर माणूस किती दिवस काढू शकतो, हेच त्या वेढ्याने मोजले.

औंधात तेव्हा 1909 पासून भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी गादीवर होते. शरीर हा त्यांचा ध्यास. संस्थानच्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तके लिहिली. 1938 साली लंडनहून निघालेले इंग्रजी पुस्तक त्यांतले सर्वांत गाजलेले. व्यायामाबरोबर आहाराचाही विचार त्यांच्या लेखनात आहे.

त्याच काळात निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांना देशाच्या वेगवेगळ्या भागांतील आहार देऊन त्यांची वाढ मोजली. शीख आहाराचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, त्यामागे पठाण, तिसरे ‘मराठा’, आणि पॉलिशच्या तांदळावरचे मद्रासी शेवटी. या क्रमावर अभिमान बाळगण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की ‘मराठा आहार’ नावाची एकच वस्तू कधीच नव्हती. कोकणातली पेज आणि आटपाडीचे माडगे एका पिंजऱ्यात बसत नाहीत. तरी कोंड्यासकट धान्य, डाळ, भाजी आणि थोडे दूध-ताक यांची जोडी तांदळाच्या एकट्या ढिगापेक्षा सरस, हा निष्कर्ष टिकला.

मुंबईकडे वळले की चित्र बदलते. सातारा आणि रत्नागिरीहून गिरणगावात गेलेल्या माणसाच्या हाती रोख पैसा आला, पण रानातली फुकटची भाजी सुटली. 1928 पासून परळच्या हाफकिन संस्थेत ल्युसी विल्स यांनी मुंबईतील गरीब, त्यांत कापड गिरण्यांत काम करणाऱ्या, गरोदर स्त्रियांच्या एका विशिष्ट पंडुरोगाचा शोध घेतला. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होतात. यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, दिल्यावर या स्त्रिया सुधारतात हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. अर्कातील ते द्रव्य 1941 मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे झाले आणि पानावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडले.

ज्वारीवर एक डागही आहे. 1960 साली हैदराबादला सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा रोग, नोंदला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, जुलाब आणि भ्रम ही त्याची लक्षणे. ज्वारीतील जादा ल्युसिन हे कारण त्यांनी मांडले. त्यावर पुढे वाद झाला. पण ज्वारी खाणाऱ्यांत नुसत्या ज्वारीवर भागवणाऱ्यालाच हा रोग होतो, याबद्दल वाद नाही. इथे सातारा-सांगलीच्या ताटातला शेंगदाणा महत्त्वाचा ठरतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात बारा मिलिग्रॅमच्या आसपास नायसिन असते. दाण्याचे कूट घातलेली भाजी आणि भाकरीवरची शेंगदाण्याची चटणी चवीसाठी आली, पण ज्वारीची उणीव तिने भरून काढली.

ब-१२ वनस्पतीत नसते. शाकाहारी घराला ते दुधा-ताकातून, धनगराला त्याखेरीज जत्रेच्या बकऱ्यातून मिळे. दुष्काळात जनावरे छावणीला किंवा बाजाराला गेली की हा झराही आटे.

संस्थान 1948 मध्ये विलीन झाले. आज औंध-आटपाडी परिसरातही गरोदर बाईला सरकारी आरोग्य केंद्रातून चौथ्या महिन्यापासून 180 दिवस रोज एक गोळी घ्यायला सांगतात. तीत 60 मिलिग्रॅम लोह आणि परळमध्ये ज्याचा माग लागला ते फॉलिक ॲसिड 500 मायक्रोग्रॅम असते.