कल्याणचे बंदर कोणी अडवले?

इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या हाती गेला आणि अलेक्झांड्रिया स्वतंत्र राज्याची राजधानी उरली नाही. पण तिचा व्यापार उलट वाढला. तांबड्या समुद्रातील मायोस होर्मोसमधून वर्षाला १२० जहाजे हिंदुस्थानाकडे सुटतात, असे स्ट्रॅबो लिहितो. आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर रोमने चौथाई जकात बसवली होती. यावरून आपल्याकडे एक समजूत रूढ झाली: कोकणची बंदरे रोमच्या सोन्यावर उठली आणि ते आटताच बसली. कल्याणचा दाखला या समजुतीत बसत नाही. तिथे मागणी भरात असतानाच बंदर ओस पडले, आणि त्याचे कारण इथल्याच राजकारणात होते.

पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याचे 'पेरिप्लस' हे या प्रकरणातले मुख्य साक्षीदार. थोरल्या सारगनसच्या, म्हणजे बहुधा एखाद्या सातवाहन सातकर्णीच्या काळात कल्याण ही रीतसर मान्यता असलेली पेठ होती. सँडनीसच्या ताब्यात गेल्यावर मात्र तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात बॅरिगाझाला, म्हणजे भडोचला नेली जातात, असे तो सांगतो. त्याच लेखकाच्या मते पैठण भडोचहून २० दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्याच्याही पूर्वेला १० दिवसांवर. पैठणचा गोमेद आणि तेरचे सुती कापड गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोच गाठत असे. कल्याणला उतरणारा नाणेघाट त्या मानाने जवळ होता.

यावर कोणी म्हणेल की नाणेघाटातून बैलगाडी उतरत नाही, म्हणून माल आपोआप उत्तरेला वळला. आक्षेप खरा आहे, पण पुरेसा नाही. पाठाळ बैलांना तो घाट चालतो, आणि मुख्य म्हणजे माल जिथे मुबलक तिथे जहाज स्वखुशीने जाते, त्याला पहारा लावावा लागत नाही. पहारा लागला, याचा अर्थ काही खलाशांना कल्याणच हवे होते. दुसरा आक्षेप सँडनीसच्या ओळखीचा. काही अभ्यासक त्याला सातवाहन राजाच मानतात. तसे धरले तर आपल्याच बंदरातली जहाजे शत्रूच्या भडोचला पाठवणारा राजा मानावा लागेल. किंवा मग भडोचवर सत्ता असलेल्या क्षत्रपांनी त्याचे बंदर समुद्रातून कोंडले होते. कुठल्याही वाटेने गेले तरी दोष रोमकडे जात नाही.

भडोचवर तेव्हा क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाची सत्ता होती. त्याचा जावई उषवदात याच्या नाशिक लेण्यातल्या लेखात भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथल्या धर्मशाळांची, तसेच तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवरच्या फुकट तरींची नोंद आहे. कल्याण त्यात नाही. दानाच्या एका यादीतले मौन हा पुरावा नव्हे, हे कबूल. पण दाने कुठल्या वाटांवर झाली ते दिसतेच. क्षत्रप हे नाव केवळ किनाऱ्यापुरतेही नव्हते. पार भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या पवनीला, महाक्षत्रप रूपिअम्माचा स्तंभलेख सापडला आहे.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या १३ हजारांवर नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या छापावरच गौतमीपुत्राचा छाप ठोकलेला आहे. काहींवर खालचा मुखवटा अजून पुसट दिसतो. त्यानंतर कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे दाते दिसू लागतात, व्यापारीसुद्धा. घाटमाथा आणि खाडी एका हाताखाली आल्यावर पेठ पुन्हा चालू झाली, एवढेच यावरून म्हणता येते. सहाव्या शतकात, पश्चिमेकडचे रोमन साम्राज्य कोसळून गेल्यावरही, कॉस्मस हा अलेक्झांड्रियाचाच व्यापारी कल्याणची गणना हिंदुस्थानातल्या मोठ्या पेठांत करतो आणि तिथून कापड निर्यात होत असल्याचे नोंदवतो.