‘परमनंट’ कूलंटची गोष्ट

दिवाळीत सोलापूरला गेले होते. काकांच्या जुन्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडून बघितलं (इंजिन पूर्ण गार असताना, नाहीतर उकळतं पाणी तोंडावर येतं). आत तपकिरी गाळ. काका म्हणाले, “अगं, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? मी बोअरचं पाणी घालतो.”

माझी पीएचडी ॲल्युमिनियमच्या गंजण्यावर. म्हणजे गप्प बसणं अशक्यच. पण काकांचा प्रश्न रास्त होता. बाटलीवर ‘अँटिफ्रीझ’ लिहिलंय, तर चाळीस अंशांच्या गावात ते कशाला? उत्तरासाठी जरा मागे जावं लागतं.

कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीत इंजिन गार ठेवायला पाणीच होतं. ते उकळून उडून जायचं, मग थांबून भर घालायची. १९०१ च्या सुमारास मायबाखने मर्सिडीजला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला आणि तेच पाणी नीट गार होऊन पुन्हा फिरू लागलं. थंड देशांत मात्र रात्री पाणी गोठायचं. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं, आणि तेवढ्याने ओतीव लोखंडाच्या ब्लॉकला तडा जातो.

मग लोकांनी हाताला येईल ते घालून पाहिलं. ग्लिसरीन, मध, कॅल्शियम क्लोराइड! शेवटचं वाचून मला घामच फुटला. लॅबमध्ये धातू मुद्दाम गंजवायचा असतो तेव्हा आम्ही क्लोराइडच वापरतो. अल्कोहोल त्यातल्या त्यात बरं, पण मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं. म्हणजे इंजिन तापलं की ते उडालं, आणि पुन्हा भर घाला.

एथिलीन ग्लायकॉल तोवर माहीत होतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वुर्त्झने ते १८५० च्या दशकातच बनवलं होतं. १९२० च्या दशकात युनियन कार्बाइडने ते कारखान्यात बनवायला घेतलं आणि १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ बाजारात आलं. ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं, त्यामुळे उडून जात नाही. निम्मं पाणी मिसळलं तर उणे ३७ पर्यंत गोठत नाही. गंमत म्हणजे नुसतं ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं, शिवाय पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. म्हणून ‘जास्त घातलं तर जास्त चांगलं’ हे इथे चालत नाही.

उडून जात नाही म्हणून त्याला ‘परमनंट अँटिफ्रीझ’ म्हणू लागले. माझ्या मते सगळा घोळ या शब्दाने केला. कारण ग्लायकॉल टिकतं, पण तसंच राहत नाही. उष्णता आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याची हळूहळू आम्लं होतात आणि ती आतला धातू खातात. त्यावर उतारा म्हणून त्यात गंजरोधक रसायनं घालतात. ॲल्युमिनियमसाठी सिलिकेट, तांब्या-पितळेसाठी ट्रायाझोल वगैरे. ही खर्ची पडतात. जुन्या हिरव्या कूलंटमध्ये दोन-तीन वर्षांत संपतात. १९९० च्या दशकात सेंद्रिय आम्लांचे क्षार वापरणारी कूलंटं आली, ती जास्त काळ चालतात.

म्हणजे सोलापुरात आपण गोठू नये म्हणून पैसे देतच नाही. देतो ते गंजू नये आणि उकळू नये म्हणून. बोअरच्या पाण्यात हे काही नसतं, उलट क्षार असतात. ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात.

मग घ्यायचं कुठलं? रंगावर जाऊ नका, तो निव्वळ रंग आहे. युरोपातलं पाणी जड, फॉस्फेटने साका बसतो, म्हणून तिकडच्या कंपन्या फॉस्फेट टाळत आल्या. जपानी कंपन्या पंपाचं सील झिजतं म्हणून सिलिकेट टाळतात. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिलाय तोच घ्या, आणि दोन प्रकार एकत्र करू नका.

आम्ही अंगणात बसून फ्लश केलं. खालून सगळं सोडलं, साधं पाणी भरलं, हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालवलं (हीटरच्या नळ्याही धुतल्या जातात), गार होऊ दिलं, पुन्हा सोडलं. कूलंट असलेल्या गाडीतून निघालेलं पाणी मात्र उघडं ठेवू नका. ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं पितात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून हवा काढली.

चार वेळा तपकिरी पाणी निघालं, पाचव्यांदा नितळ. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली हिरवं थारोळं. रेडिएटरचा खालचा कोपरा केव्हाच कुजला होता, गाळानेच ते भोक बुजवून धरलं होतं.

“बघ,” काका म्हणाले, “गाळ होता तोवर गळत नव्हती.”

नवा रेडिएटर माझ्या फेलोशिपमधून आला.